खाडीकाठचं द्राक्ष

नमस्कार श्रोतेहो, पाऊस जरा उघडलाय ना तुमच्याकडे? आज एका द्राक्षाबद्दल बोलायचंय. द्राक्ष म्हटलं की आपला कोकणी माणूस लगेच म्हणणार, ते नाशिकचं काम, आपल्या दमट हवेत घड कुजून जायचे. खरंय ते. पण स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिशिया आहे ना, तिथेही समुद्र असाच आत घुसलाय, खाडीला ते लोक रिया म्हणतात आणि द्राक्षाच्या मुलखाचं नावच रियास बाइशास, म्हणजे खालच्या खाड्या! पाऊस वर्षाला साधारण १६०० मिलिमीटर, आपल्या निम्मा, पण द्राक्षासाठी हा खूपच झाला.

तरी तिथे आल्बारिन्यो नावाचं पांढरं द्राक्ष झकास येतं. मणी बारीक, बिया जास्त, आणि साल जाड, त्या सालीमुळेच ओल्या हवेतही ते बऱ्यापैकी तग धरतं. शिवाय वेल चढवतात उंच मांडवावर, आपण परसात पडवळ-दोडक्याला घालतो ना तसाच, फक्त खांब ग्रॅनाइट दगडाचे. घड खाली लोंबतात, त्यांना ओल्या जमिनीचा स्पर्श नाही, वारा आरपार खेळतो, मग भुरी-डावणीसारख्या बुरशीरोगांचा त्रास कमी होतो. मला तर हे वाचूनच आपलं वाटलं हो ते गाव!

पोर्तुगालात याच द्राक्षाला अल्वारिन्यो म्हणतात. आणि ऑस्ट्रेलियात बागायतदारांनी आल्बारिन्यो समजून जे लावलं ते २००९ साली डीएनए तपासल्यावर सावान्यां नावाचं फ्रेंच द्राक्ष निघालं, वर्षानुवर्षं जपलेल्या बागा, काय वाटलं असेल त्या लोकांना!

याची वाइन फिकट लिंबोणी रंगाची, वास पीच आणि लिंबाच्या सालीचा, आणि पहिल्या घोटालाच कोकमासारखा स्वच्छ आंबटपणा जिभेच्या कडांना लागतो, मागून हलकी खारट चव, म्हणून मासळीबरोबर इतकी जमते. तिथले लोक खाडीतली कालवं, शिनाणे यांच्याबरोबर घेतात. घेणाऱ्यांनी आपल्याकडे तिसऱ्यांबरोबर घ्यावी असं मला वाटतं, पण तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर नको, मालवणी मसाल्यापुढे तिचा वास टिकत नाही. तिसऱ्या नुसत्या वाफवायच्या, शिंपली उघडली की थोडं ओलं खोबरं नि कोथिंबीर, बस. बाटली मात्र आधी चांगली गार करून ठेवा.