काळ्या मुठीचं लुगर

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लुगर पिस्तूल, आणि तेही एकटं नाही, त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट.

जर्मन सैन्याने ते १९०८ साली घेतलं, म्हणून लष्करी नाव पी-०८. घडवणारा गेऑर्ग लुगर, मूळचा ऑस्ट्रियाचा. गोळी सुटली की वरचा सांधा गुडघ्यासारखा दुमडतो आणि रिकामं काडतूस बाहेर पडतं. यंत्राचं एवढं पुरे.

आता लवाजमा. चामड्याचं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, त्याच्या कडेला जादा मॅगझिनचा, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीचा कप्पा आणि झाकणाच्या आत एक छोटंसं हत्यार. एका टोकाला स्क्रू फिरवायचा, दुसऱ्याने मॅगझिनची स्प्रिंग दाबून धरायची. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या. शेवटच्या एक-दोन भरताना नुसत्या अंगठ्याचा कस लागतो, तेव्हा हेच कामी येतं. तीसच्या दशकातल्या मॅगझिनच्या बुडावर पिस्तुलाचाच नंबर असे, आणि जादा मॅगझिनवर त्याच्या जोडीला अधिकचं चिन्ह. नंबर जुळला तर किंमत. पुन्हा सांगतो, नंबर जुळला तरच किंमत!

आणि कृपा करून चकाकी आणू नका. जुनी निळसर झिलई घासून नवी चढवली की संग्राहक पाठ फिरवतो. आपल्याकडेही वाड्याच्या सागवानी दाराला तपकिरी ऑइलपेंट फासतात आणि वर म्हणतात, बघा कसं नवं दिसतंय. अशा घरी मला चहासुद्धा गोड लागत नाही. असो.

आता माझी आवडती गोष्ट. १९४१ आणि ४२ साली ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून काही लुगर बाहेर पडली, त्यांच्या मुठीला अक्रोडाच्या लाकडाऐवजी काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या. लाकडावर नक्षीच्या रेघा पाडत बसण्यापेक्षा साच्यातून पट्टी काढणं सोपं. त्यात ना रुबाब, ना रहस्य. युद्ध संपलं, वर्षं लोटली. मग अमेरिकेतल्या एका विक्रेत्याने या काळ्या मुठीच्या पिस्तुलांना नाव दिलं, ‘ब्लॅक विडो’. विषारी कोळ्याचं नाव! एकाही जर्मन सैनिकाने ते उच्चारलं नव्हतं. पण गिऱ्हाईक भुललं, भाव चढला. मग काय, लोक धडधाकट लाकडी पट्ट्या काढून काळ्या बसवू लागले. १९३७च्या पिस्तुलालाही काळी मूठ! म्हणजे अस्सल माल बिघडवून नकली विधवा तयार. म्हणून अशी मूठ दिसली की आधी सांध्याच्या वरच्या बाजूला बघायचं. तिथे ‘बीवायएफ’ ही तीन रोमन अक्षरं, म्हणजे माउझरची खूण, आणि नळीच्या मुळाशी ४१ किंवा ४२. आधी खूण, आधी साल, मग मूठ. एवढं पाहूनही पट्ट्या मागाहून बसवलेल्या निघू शकतात, हे धरून चालायचं.

जाता जाता कागदाचं सांगतो. अमेरिकन सैनिकांनी ही पिस्तुलं आठवण म्हणून घरी नेली, ती वरिष्ठाच्या सहीचा परवाना घेऊन. त्या पिवळ्या पडलेल्या कागदावर पिस्तुलाचा नंबर असेल, तर होल्स्टरपेक्षाही आधी तो सांभाळायचा.

लुगरची जागा घेणाऱ्या वाल्थर पी-३८ वरही बोलायचं होतं, पण काळ्या मुठीने वेळ खाल्ला. नमस्कार.