तळमजल्याचा नकाशा

श्रोतेहो, नमस्कार.

लाकडी खांब धड आहे की आतून गेलाय, हे नुसतं बघून कळत नाही. ते ऐकावं लागतं. लहान हातोडी घ्यायची आणि खांबावर ठोकत ठोकत वरून खाली यायचं. लाकूड निकोप असेल तर आवाज टणक येतो, कोरडा. आत पाणी मुरलं असेल, वाळवीने घर केलं असेल, तर तोच आवाज बसका होतो, पिकलेल्या भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा. गेल्या पावसाळ्याआधी गिरगावातल्या एका चाळीत आम्ही असे ११२ खांब ठोकून ऐकले. वाईट निघालेल्या खांबावर खडूने फुली मारत होतो. माणसं आपापल्या दारात उभी राहून कान देऊन ऐकत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी मला विचारलं, "आमचा खांब काय म्हणतो गं?"

त्यांचा खांब ठणठणीत होता. ११२ पैकी २९ खांबांवर फुली आली, आणि त्या बहुतेक सगळ्या फुल्या मोरीच्या आणि संडासाच्या बाजूला होत्या, जिथे पन्नास वर्षं पाणी झिरपत राहिलं. बाकीचं सागवान शंभर वर्षांनंतरही खिळा आत घेत नव्हतं.

मी आर्किटेक्ट आहे. गेली २२ वर्षं जुन्या इमारतींची मोजणी, दुरुस्ती आणि पुनर्विकास हेच माझं काम. ही चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची. रस्त्याला लागून एक इमारत, तिच्या मागे दुसरी, मधे दगडी फरसबंदीचा चौक. ७२ बिऱ्हाडं आणि रस्त्याकडे तोंड करून ११ दुकानं. चाळीचं नाव आज सांगत नाही, कारण तिथली पुनर्विकासाची बोलणी अजून चालू आहेत. पण तुमच्यापैकी अनेकांच्या इमारतीत आज ना उद्या हीच बोलणी होणार आहेत, म्हणून हा विषय घेतला.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगते. चाळ जशीच्या तशी राहावी असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. रात्री दोन वाजता बादली घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जावं लागणं, बाळंतिणीने तिथे रांग लावणं, सासू-सासरे, मुलगा-सून आणि नातवंडं यांनी एका खोलीत पडदा लावून आयुष्य काढणं, यात गोड आठवणीसारखं काही नाही. ज्यांनी ते सोसलं त्यांना स्वतःचा संडास, स्वतःचं न्हाणीघर मिळायलाच हवं. आणि धोका खरा असतो. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. त्या दिवसानंतर कुठल्याही इमारतीला "अजून चालेल" असं म्हणताना माझी जीभ अडखळते.

या इमारती अशा का झाल्या, हेही माहीत असलेलं बरं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या वेळी ते गरजेचंच होतं, नाहीतर युद्धानंतरच्या महागाईत हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती. पण भाडं तिथेच राहिलं आणि चुना, लाकूड, मजुरी वर चढत गेली. मालकाने हात काढून घेतला. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, दुरुस्तीसाठी उपकर, म्हणजे जादा कर, सुरू झाला, आणि शहरातल्या १९ हजारांहून जास्त इमारती उपकरप्राप्त म्हणून नोंदल्या गेल्या. दरम्यान रहिवाशांनीही आपल्या परीने सोय केली. लाकडी तक्तपोशीवर, म्हणजे फळ्यांच्या जमिनीवर, कोबा घातला, कोब्यावर लादी बसवली, दहा वर्षांनी त्या लादीवर दुसरी लादी. मोरी मोठी केली, पोटमाळा बांधला, वर पाण्याची टाकी ठेवली. त्या ओझ्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तुळई वाकते ती अशी.

आता पुनर्विकासाकडे वळू. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली उपकरप्राप्त इमारतीला ३ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या तिप्पट बांधकाम, मिळतो, ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते, आणि प्रत्येक भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर द्यावं लागतं. सभा भरते ती यावरच. किती फूट? कितवा मजला? कॉर्पस, म्हणजे विकासकाने द्यायचा निधी, किती? संक्रमण काळात भाडं किती आणि किती वर्षं? हे प्रश्न रास्त आहेत, आणि सही करण्याआधी त्यांची उत्तरं लेखी घ्यायलाच हवीत. पण मी आजवर ज्या शे-दीडशे सभांना बसले, त्यात तळमजल्याचा नकाशा आधी दाखवा असं म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला.

आमच्या या चाळीच्या तळमजल्यावर काय काय आहे, ऐका. कोपऱ्यावर पिठाची चक्की. तिच्या शेजारी वाण्याचं दुकान, मग छापखाना, तो आता लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं छापतो. पोळी-भाजी केंद्र, पहिल्या मजल्यावरच्याच दोघी जावा चालवतात. दवाखाना, टेलर, पूजेच्या सामानाचं दुकान. मागच्या इमारतीच्या तळमजल्यावर व्यायामशाळा आणि मंडळाचं वाचनालय. चौकात गणपती, दहीहंडी, लग्नाच्या पंगती, आणि परीक्षेच्या दिवसांत दिव्याखाली अभ्यासाला बसलेली पोरं. मुंबईतल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत झाली हे आपण अभिमानाने सांगतो. तो उत्सव तिथे उभा राहू शकला, कारण चाळीत सगळ्यांना एकत्र उभं राहता येईल अशी मोकळी जागा होती.

अलीकडे विकासकांच्या गुळगुळीत पुस्तिकांत ‘मिक्स्ड-यूज’ हा शब्द असतो. खाली दुकानं, वर घरं, मधे करमणुकीची जागा. श्रोतेहो, गिरगाव, लालबाग, दादर, भेंडी बाजार इथली माणसं शंभर वर्षं तशीच राहत आली. दूध खाली, डॉक्टर खाली, रोजगार खाली, आणि वरच्या गॅलरीतून आई ओरडली की रस्त्यावर खेळणारं मूल ऐकू शकेल इतकंच अंतर. जे आहे ते मोडून, तेच पुन्हा विकत घ्यायची वेळ आपल्यावर येते, कारण नकाशा काढताना आपण फक्त खोल्या मोजतो.

आणि मग होतं काय? रस्त्याला लागून पोडियम येतो. पाच-सहा मजले नुसत्या गाड्यांचे. पार्किंगचे नियम पाळावेच लागतात, तळघर खोदणं महाग पडतं, आणि नियमाप्रमाणे लागणारं पार्किंग एफएसआयमध्ये धरलं जात नाही, म्हणून गाड्या वर चढतात. पहिलं बिऱ्हाड सातव्या मजल्यावर सुरू होतं. तिथून हाक मारली तर खाली पोचत नाही. दुकानदारांना नियमाप्रमाणे त्यांच्या जुन्या क्षेत्रफळाएवढा गाळा मिळतो, पण तो कुठे मिळतो? मागच्या बाजूला, रॅम्पच्या खाली, किंवा पहिल्या मजल्यावर जिन्याच्या आड. कागदावर १८० चौरस फुटांचे १८० चौरस फूटच असतात. गिऱ्हाईक मात्र निम्मंही येत नाही.

गिरणगावाचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत ५८ वा नियम आला: गिरणीची जमीन विकसित करताना तिचा साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ साली त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली. ज्या जमिनीवर गिरणीचं बांधकाम उभं होतं ती वाटणीतून सुटली, आणि गिरणीच्या आवारात रिकामी जागा असते ती केवढी? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल कायम ठेवला. आज लोअर परळला उंच चिमणी शोभेला उभी दिसते, आजूबाजूला कचेऱ्या, हॉटेलं, मॉल. वापर मिश्र आहे, यात वाद नाही. पण त्या चिमणीखाली पाळी करणाऱ्याचा नातू तिथे राहतो का, हे पाहिलं की मला गप्प बसवत नाही.

बीडीडी चाळींची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी आनंदाने सांगते. १९२० च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२. एकूण २०७. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीन-तीन पिढ्या तिथे काढलेली माणसं त्याच पत्त्यावर, मालकीच्या घरात गेली. हे फार मोठं काम झालं. माझं मन एकाच गोष्टीत अडकतं: या घरांचा दरमहा देखभाल खर्च पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत निवृत्त माणसाला झेपेल का? लिफ्ट, पंप, आग विझवण्याची यंत्रणा, सगळ्याला पैसा लागतो. तो झेपला नाही की घर विकलं जातं आणि कुटुंब विरार-बदलापूरची गाडी धरतं. असं मी जुन्या पुनर्वसन इमारतींत पाहिलेलं आहे.

म्हणून आमच्या चाळीसाठी मी जो नकाशा मांडला आहे, त्याची सुरुवात तळमजल्यापासून केली. पुढची, रस्त्याकडची इमारत पाडायची नाही. तिच्यातले वाईट खांब टेकू लावून एकेक मोकळे करायचे, कुजलेला पाय कापून तिथे सागवानाचा नवा तुकडा सांधायचा. लाद्यांचे थर उतरवून तक्तपोशी हलकी करायची. नळ आणि सांडपाण्याचे पाइप लाकडापासून दूर, वेगळ्या उभ्या नळीतून न्यायचे. आमच्या मिस्त्रींनी असे सांधे यापूर्वी केले आहेत. सांधा पुरा झाला की ते स्वतः हातोडी ठोकून कान लावतात, मगच टेकू काढायला सांगतात. तळमजल्यावर अकराही दुकानं आहेत तिथेच. वर वाचनालय, शिकवण्या, छोट्या कचेऱ्या. मागची इमारत मात्र खरोखरच थकली आहे. ती उतरवायची आणि तिथे ७२ कुटुंबांची आणि विक्रीची घरं एकत्र उभी करायची. पार्किंग यंत्राचं, मागच्या कडेला. अग्निशमन दलाची गाडी वळेल एवढा रस्ता सोडूनही चौकाचा मोठा भाग वाचतो, हे मी फुटाफुटाने मोजून घेतलं आहे. घरासमोरची गॅलरी पाच फुटांची, उघडी, हवेशीर.

त्यात आणखी एक मागणी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पुढच्या इमारतीतले वरच्या मजल्यावरचे चार गाळे कुणा एकाच्या नावावर न करता सोसायटीच्या मालकीचे ठेवायचे. त्यांचं भाडं थेट देखभाल खात्यात. मिश्र वापराचा खरा फायदा हा आहे. पुढचा धंदा मागची लिफ्ट चालवतो.

विकासकाच्या माणसांनी हरकत घेतली. रस्त्यावरचं तोंड विक्रीच्या इमारतीला हवं, नाहीतर भाव पडेल, असं त्यांचं म्हणणं. ते धंद्याच्या बाजूने बोलतात, मी ते समजू शकते. मी त्यांना विचारलं, गिरगावात घर घेणारा माणूस गिरगाव बघून घेणार, की बंद काच बघून? त्यांनी हिशेब पुन्हा करून आणतो म्हणून सांगितलं आहे.

गेल्या सभेत चक्कीवाले काका उठले. फारसं न बोलणारा माणूस. म्हणाले, "ताई, चक्कीला थ्री फेज लागते आणि जमीन हादरते. नव्या इमारतीत मला कोण ठेवून घेणार?" सभा शांत झाली. कारण सगळ्यांच्याच घरी त्यांच्या चक्कीचं पीठ जातं आणि हा प्रश्न कुणाच्याच मनात आला नव्हता. चक्कीसाठी मी वेगळा, इमारतीच्या पायापासून सुटा जोता काढला आहे.

आणि जिन्याखाली एक इस्त्रीवाले आहेत. ३१ वर्षं. सहा फूट बाय नऊ फूट जागा, कोळशाची इस्त्री, भिंतीला टेकलेलं टेबल. भाडेपावती नाही, यादीत नाव नाही, म्हणून कुठल्याच नियमात ते बसत नाहीत. चाळीतल्या प्रत्येक घराची जादा किल्ली मात्र त्यांच्याकडे असते. नव्या नकाशात जिन्याखाली मी सहा बाय नऊची चौकट काढली आणि त्यात विजेचा पॉइंट दाखवला. ती जागा सोसायटीच्या नावावर आणि वापर त्यांचा, असा ठराव येत्या रविवारच्या सभेपुढे येतो आहे.

नकाशाची एक प्रत सगळ्यांना बघता यावी म्हणून खाली लावायची होती. मी भिंत शोधत होते. इस्त्रीवाल्यांनी आपल्या टेबलामागचं कॅलेंडर उतरवलं, खिळा पुसला आणि म्हणाले, "इथे लावा. इथून सगळेच जातात."

नमस्कार.