टाळकऱ्यांची रांग उभी केली की

(मंडप आणि साउंडच्या व्यावसायिकांसमोर झालेलं व्याख्यान. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. मागचे पुढे आलात तर बरं. नाही आलात तरी चालेल, आजचा विषय मागच्यांचाच आहे.

परवा एका पोराने विचारलं, "दादा, पॉवर्ड लाइन अ‍ॅरे घ्यायचाय, किती वॅटचा घेऊ?" म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या स्पीकर बॉक्सची रांग, प्रत्येकाच्या आत स्वतःचं अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे अ‍ॅम्प. म्हटलं, वॅट राहू दे, तुझी शेवटची खुर्ची किती लांब असते ते सांग. त्याने ती कधी मोजलीच नव्हती.

साधा बॉक्स किंवा भोंगा घ्या. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पहिली रांग ५ मीटरवर, शेवटची ४० मीटरवर. पाचाचे दहा, दहाचे वीस, विसाचे चाळीस, म्हणजे तीनदा दुप्पट. १८ डेसिबल गेले. मग पुढचे आजोबा कानात कापूस घालतात आणि मागून चिठ्ठी येते, "आवाज वाढवा". आपण वाढवतो. आजोबा उठून जातात.

आता दिंडीतले टाळकरी डोळ्यांसमोर आणा. तीस जण, वीस मीटरची सरळ रांग, टाळ एकदम पडतोय. तुम्ही रांगेच्या समोर, थोडं लांब मध्यावर उभे राहा. सगळ्यांचा टाळ जवळजवळ एकाच वेळी कानावर येतो. खण्ण! आता रांगेच्या टोकाला जा. जवळच्याचा टाळ आधी येतो आणि पार पलीकडच्याचा ६० मिलिसेकंद उशिरा. तोच टाळ आता फिसकटलेला वाटतो. टाळकऱ्यांची चूक नाही, तुम्ही उभे चुकीच्या जागी आहात. ही रांग उचलून आभाळाच्या दिशेने उभी केली की झाला लाइन अ‍ॅरे. समोर आवाज एकवटतो, वर छताकडे आणि खाली स्टेजच्या पायथ्याशी तो विस्कटतो. आणि रांग पुरेशी लांब असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर ६ ऐवजी ३ डेसिबलच जातात. मघाचे १८ होते ते ९ वर आले.

कल्पना जुनीच आहे. देवळातले, सभागृहातले उभे कॉलम स्पीकर हेच करायचे. अडचण वरच्या सुरांची होती. १० हजार हर्ट्झची लहर जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. टाळकरी एकमेकांना खेटून हवेत, पण कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे वरचे सूर काढणारे भाग, इतके जवळ बसवणार कसे? फ्रान्समधल्या एल-अकूस्टिक्स कंपनीच्या क्रिस्तियाँ हेल यांनी १९९२ मध्ये व्ही-डॉस्क नावाचा लाइन अ‍ॅरे आणला. त्यात ड्रायव्हरपुढे अशी वाट केली की आवाज कुठूनही गेला तरी सारखंच अंतर चालून एका उभ्या, सपाट फटीतून बाहेर पडतो. फटीला फट जोडली की रांग सलग. माझ्या मते या धंद्यातली सर्वांत देखणी युक्ती हीच. बाकी सगळं लाकूड आणि लोखंड.

पण "पुरेशी लांब" म्हणजे किती? ढोबळ हिशेब असा : रांगेच्या लांबीचा वर्ग करा आणि लहरीच्या लांबीच्या दुपटीने भागा. येईल तेवढ्या अंतरापर्यंत ती रांगेसारखी वागते, पुढे साध्या बॉक्ससारखी. तीन मीटरची रांग १० हजार हर्ट्झला शंभर मीटरच्याही पुढे रांगेसारखी वागते. १०० हर्ट्झला? दीड मीटरही नाही. बेसला ती रांग दिसतच नाही, एक ठिपका दिसतो. म्हणून चार बॉक्स टांगून "आमच्याकडे लाइन अ‍ॅरे आहे" म्हणणाऱ्यांना मी हसतो. मिरवणुकीत भिंतीसारखे रचलेले बॉक्स हा तर वेगळाच प्रकार, त्यावर आज नको.

टांगताना वरचे बॉक्स जवळजवळ सरळ ठेवा, एखाद-दुसरा अंश. ते लांबचं मारतात. खाली येताना कोन वाढवत न्या, म्हणजे रांग इंग्रजी 'जे'सारखी वळते. लांब जाताना वरचे सूर हवाच खाऊन टाकते, म्हणून वरच्या बॉक्सना ते थोडे जास्त द्यावे लागतात. पॉवर्डचा खरा फायदा इथे आहे. प्रत्येक बॉक्सच्या पोटात स्वतःचं अ‍ॅम्प आणि डीएसपी (आवाज घडवणारी चिप), त्यामुळे प्रत्येकाला वेगळं समजावता येतं. अ‍ॅम्प त्याच ड्रायव्हरसाठी बेतलेलं असतं, लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) कारखान्यातूनच लावून येतो. रॅक नाही, जाड स्पीकर केबल नाही. टेम्पोत जागा उरते.

तोटा मी पैसे मोजून शिकलो. एका तालुक्याच्या गावी कीर्तन होतं. सहा पॉवर्ड बॉक्स, सहा मीटर वर. जनरेटरच्या बोर्डात न्यूट्रलचा जोड सैल होता. बॉक्स एका फेजवर, हॅलोजन दुसऱ्या. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज चढतं. अभंग चालू असताना सगळं गप्प झालं आणि दोन बॉक्समधून धूर आला. अ‍ॅम्प खाली रॅकमध्ये असतं तर दोन मिनिटांत बदललं असतं. इथे अख्खी रांग चेनपुलीने उतरवायची, तीही खाली माणसं बसलेली असताना! बुवा थांबले नाहीत, माइकशिवाय गात राहिले. चूक माझीच, जोडण्याआधी मी मीटर लावला नव्हता. आता न्यूट्रलचा स्क्रू मी स्वतः आवळतो, पोरावर सोडत नाही. वर सेफ्टीची वेगळी दोरी असल्याशिवाय चेनपुलीवर विश्वास ठेवत नाही, आणि ट्रसला, म्हणजे बॉक्स टांगायच्या धातूच्या सांगाड्याला, किती वजन चालतं ते लेखी मागतो.

आवाजाचे नियम तुम्हाला पाठ आहेत : वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहानंतर बंद. पलीकडच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांकडे कमी आवाज सोडणं या रांगेला जमतं. पण बेस तिकडे जातोच, त्याला कोन कळत नाही. तक्रार आली तर आधी सबला, म्हणजे बेसच्या बॉक्सला, हात लावा.

बाहेर मैदानात आठ बॉक्स टांगलेत. मी एकच गाणं लावून ठेवतो, मिक्सरला हात लावणार नाही. तुम्ही पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत चालत जा, मग स्टेजच्या पायथ्याशी येऊन बसा. चहा तिथेच आहे.