रुमैसा: नावाचा अर्थ आणि मूळ

श्रोतेहो, नमस्कार. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत खाडीकाठच्या गावांत आयेशा, फातिमा, झैनब घरोघर भेटतात. रुमैसा मात्र क्वचितच. नावांच्या याद्यांत रुमैसाचा अर्थ ‘फुलांचा गुच्छ’ असा छापलेला दिसतो, पण अरबी भाषेत त्याला आधार नाही.

या नावाचा मूळ धातू रे, मीम, स्वाद या तीन अरबी अक्षरांचा. ‘रमस’ म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात जमणारं पांढरट चिपड. ‘रमसा’ म्हणजे डोळे चिपडलेली, आणि रुमैसा हे त्याचं लाडकं, छोटं रूप. हसनवरून हुसैन होतं, तसंच. हा अर्थ ऐकून आईबाप बिचकतात आणि दुसरं नाव शोधू लागतात. त्यांनी जरा थांबावं.

हिवाळ्यात जेवणं आटोपल्यावर अंगणात या. मृगाच्या पाठोपाठ उगवणारा तेजस्वी तारा तो व्याध. त्याच्या उत्तरेकडे, आकाशगंगेच्या पलीकडच्या बाजूला प्रश्वा. जुने अरब या दोघींना बहिणी मानत आणि दोघींचं नाव शिअरा. दक्षिणेला खाली दिसणारा अगस्ती म्हणजे त्यांचा सुहैल. आपल्याकडे मुलांचं सुहेल हे नाव त्याचंच. सुहैल दक्षिणेला निघून गेला, तेव्हा व्याध आकाशगंगा ओलांडून त्याच्यामागे गेली, म्हणून ती ‘अबूर’, पार गेलेली. प्रश्वा अलीकडेच राहिली आणि रडून रडून तिचे डोळे चिपडले, म्हणून ती ‘गुमैसा’. गुमैसा आणि रुमैसा यांचा अर्थ एकच, फक्त रेच्या जागी गैन. प्रश्वाच्या शेजारचा, लघुलुब्धक या तारकासमूहातला दुसरा तारा आजही गोमैसा म्हणून ओळखला जातो. खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2016 मध्ये ते नाव अधिकृत केलं.

पण मुलीला हे नाव देतात ते ताऱ्यासाठी नव्हे, मदिनेच्या एका बाईसाठी. मिल्हानची मुलगी, उम्मे सुलैम. पैगंबरांची सेवा करणाऱ्या हजरत अनस यांची आई. त्या विधवा झाल्यावर अबू तल्हा यांनी मागणी घातली, तेव्हा ‘तुम्ही इस्लाम स्वीकारा, तोच माझा मेहर’ असं उम्मे सुलैम यांनी सांगितलं. मेहर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचं धन. इ.स. 630 मध्ये हुनैनच्या लढाईत त्या खंजीर बाळगून उतरल्या होत्या. जन्नतमध्ये त्यांच्या पावलांची चाहूल ऐकल्याचं पैगंबरांनी सांगितलं. त्या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या त्या वचनाच्या, एका कथनात त्यांचं नाव रुमैसा येतं, दुसऱ्यात गुमैसा. अशा बाईचं नाव ठेवताना कोशातल्या चिपडाला कशाला घाबरायचं?

घाबरायचं ते चुकीच्या अक्षराला. उर्दूत सीन, से आणि स्वाद यांचा उच्चार सारखाच, त्यामुळे अकीक्याच्या, म्हणजे बाळाच्या जन्मानंतरच्या विधीच्या, पत्रिकेवर कातिब (मजकूर लिहिणारा) सहज सीन लिहून जातो. सीनने ‘रम्स’ होतं, म्हणजे कबर, पुरणं. म्हणून पत्रिका छापण्याआधी मौलवींकडून अक्षरं तपासून घ्या: रे, मीम, ये, स्वाद, अलिफ. अरबीत शेवटी हमजाही येतो.

देवनागरीत ‘मै’ला दोन मात्रा द्या. एक मात्रा राहिली की रुमेसा होतं. रोमन लिपीत मधे आय घालायचा की वाय, हे घरात एकदाच ठरवा. जन्मदाखल्यावर एक, शाळेत दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं झालं, तर वडील आखातात असलेल्या घरांना व्हिसाच्या वेळी शपथपत्रं करत बसावं लागतं.

जन्माची नोंद 21 दिवसांत होते. दवाखान्यातून जाणाऱ्या नोंदीत नावाचा रकाना बहुतेक वेळा कोराच असतो. 12 महिन्यांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत लेखी अर्ज दिला, तर नाव विनाशुल्क चढतं. पुढे विलंबशुल्क पडतं. अर्जावर नाव दोन्ही लिप्यांत स्वतःच्या हाताने लिहा, आणि दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी एकेक अक्षर वाचून पाहा.