काळी चार आणि काडेपेटी

नमस्कार श्रोतेहो. आज सिम्फॉनिक प्रोग्रेसिव्ह रॉकबद्दल बोलायचंय. नाव लांबलचक, मामला सोपा: रॉकमध्ये पाश्चात्य शास्त्रीय संगीत मिसळायचं. रॉक म्हटलं की गिटारवाला पुढे. इथे पुढे पेटीवाला. हो, पेटीवालाच!

इंग्लंडात १९७० साली एमर्सन, लेक अँड पामर हा तिघांचा बँड निघाला. गिटारला वेगळा माणूसच नाही, ती गाणाऱ्या लेकनंच सांभाळायची. कीथ एमर्सनचा एक हात हॅमंड ऑर्गनवर, दुसरा मूग कंपनीच्या सिंथेसायझरवर. दोन हात, दोन वाद्यं. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीची पियानोरचना त्यांनी १९७१मध्ये न्यूकॅसलच्या रंगमंचावर रॉक करून वाजवली. आपल्याकडे आकाशवाणीनं हार्मोनियमवर १९४०मध्ये घातलेली बंदी सैल झाली तीही १९७१मध्येच. त्यावर मी माइकसमोर बसून फार बोलत नाही.

तर आमचे मामा. सदाशिव पेठेत वाडा, संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. पायपेटी म्हणतात ना, तीच. दोन्ही पायांनी भाता मारायचा. एकदा मी त्यांना एमर्सनची कॅसेट ऐकवली. डोळे मिटून ऐकली, मांडीवर बोटं चालली होती. म्हणाले, "डावा हात तयार आहे हो." मामांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. हल्ली लग्नातल्या कीबोर्डवाल्याचा डावा हात खिशात असला तरी चालतं, ठेका बटणावर मिळतो. असो.

मी चेव येऊन म्हटलं, "मामा, हा बुवा ऑर्गनच्या पट्ट्यांत चक्क सुरी खुपसतो!"

"कशाला?"

"सूर धरून ठेवायला. हात मोकळा राहतो."

मामा उठले. पायपेटी उघडली, काडेपेटीतली एक काडी घेतली, काळी चार या पट्टीच्या फटीत दाबली आणि पाय मारायला लागले. सूर लागून राहिला. दोन्ही हात वर करून मला दाखवले.

"ही बघ तुझी सुरी. तंबोरेवाला आला नाही की आम्ही हेच करतो. बरं, त्याचा भाता कोण मारतं?"

"भाता नाही, मामा. विजेवर चालतो. आत चुंबकाजवळ दातेरी चाकं फिरतात, त्यातून सूर निघतो."

"विजेवर." मामांनी पाय थांबवले. "आणि नांदी चालू असताना वीज गेली तर?"

मी गप्प. मामांनी फटीतली काडी उपटली आणि तिच्यानंच विडी पेटवली.