संहिता नेऊ नका, वही न्या

नमस्कार मंडळी.

(वही कॅमेऱ्याजवळ धरून)

ही वही बघा. साधी शंभर पानी. मागच्या पुठ्ठ्यावर तेलाचा डाग आहे, कारण ती ओट्यावर, डब्याशेजारी ठेवून लिहिली गेली आहे. नाशिकच्या सातपूरकडच्या एका वस्तीतली 16 वर्षांची मुलगी, तिची वही. तिला विचारलं, वाचू का, तर म्हणाली, "वाचा, पण नाव नका सांगू." म्हणून नाव सांगत नाही. चार ओळी वाचते.

"आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं. पाणी यायच्या आधी नळाला हवा येते. तो आवाज आला की आई म्हणते, ऊठ. वर्गात मला झोप लागते तेव्हा बाई म्हणतात, रात्री मोबाइल बघत बसतेस."

बस. एवढ्या चार ओळींतून आमचं 25 मिनिटांचं नाटक उभं राहिलं. नाटकाची सुरुवात कशी होते माहितीये? अंधारात तीन मुलं तोंडानं नळाच्या हवेचा आवाज काढतात. आधी घर्रर्र, मग खाकरल्यासारखं, मग थोडं शांत, आणि मग एकदम धार. समाजमंदिरात पहिला प्रयोग होता. आवाज आला आणि सतरंजीवर बसलेल्या एक आजी खरंच उठायला लागल्या. शेजारणीनं हात धरून बसवलं. सगळे हसले, आणि लगेच गप्पही झाले. कारण तो आवाज तिथल्या प्रत्येकीच्या झोपेतला होता.

आज मला याच्याबद्दलच बोलायचंय. तरुण मुलांना, वस्तीला, गावाला सोबत घ्यायचं असेल तर नाटक आणि लेखन यांचा उपयोग कसा करायचा. माझं एकच म्हणणं आहे: तयार संहिता घेऊन जाऊ नका. रिकाम्या वह्या घेऊन जा.

आपल्याकडे काय होतं बघा. विषय ठरलेला असतो, व्यसनमुक्ती, स्वच्छता, मतदान. काळे कुर्ते येतात, डफ येतो, रिंगण होतं, "ऐका हो ऐका" होतं, शेवटी घोषणा. मुलं मनापासून करतात, मीही कॉलेजात मनापासून केली आहेत. पण बघणाऱ्याला पहिल्या मिनिटालाच कळतं की उत्तर ठरवून आलेत, आपल्याला फक्त टाळ्या वाजवायच्या आहेत. आणि टाळ्या वाजवून माणूस घरी जातो.

पथनाट्याला माझा विरोध आहे असं कृपा करून समजू नका. 1983 साली स्त्री मुक्ती संघटनेनं 'मुलगी झाली हो' उभं केलं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं. ते महाराष्ट्रभर गेलं, कारण ते कामातून आलं होतं, बायकांशी झालेल्या बोलण्यातून. दिल्लीजवळ साहिबाबादला 1 जानेवारी 1989 रोजी पथनाट्य चालू असताना रंगकर्मी सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. रस्त्यावरच्या नाटकात केवढी ताकद असते, ते त्या हल्लेखोरांनाही ठाऊक होतं. माझी तक्रार फक्त मागणीनुसार बनवलेल्या नाटकाबद्दल आहे.

त्याचा एक अनुभव सांगते. एका शाळेनं आम्हाला बोलावलं, विषय दिला स्वच्छता. आम्ही मुलींना लिहायला बसवलं. 11 जणींनी एकच गोष्ट लिहिली: मुलींच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यावर आम्ही छोटा प्रवेश बसवला. शाळेला मात्र झाडू आणि घोषणा हव्या होत्या. तो प्रयोग झाला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं, ते बघू. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच.

पहिल्या दिवशी 'माझी आई' किंवा 'माझं स्वप्न' असले विषय अजिबात देऊ नका. या विषयांची उत्तरं मुलांना शाळेनं पाठ करून दिली आहेत. मी दोनच प्रश्न देते. आज सकाळी तुम्ही ऐकलेला पहिला आवाज कोणता? आणि तुमच्या घरात रोज ऐकू येणारं एक वाक्य कोणतं? 10 मिनिटं, पेन उचलायचं नाही. शुद्धलेखन मी बघत नाही. घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत लिहा, हिंदी बोलत असाल तर हिंदीत. सातपूर, अंबड, सिडको भागांत खानदेशातून आलेली किती घरं आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. पोरं घरात एक भाषा बोलतात आणि वहीत दुसरी लिहितात. ही भिंत पहिल्याच दिवशी पाडायची.

आणि मग काय काय वाक्यं येतात! "लाइट बंद कर, बिल कोण भरणार?" "आवाज कमी, शेजारी ऐकतील." "सुपरवायझरला सांगून ठेवलंय, सोमवारी जा." "तुझ्या वयात मी दोन भावंडं सांभाळत होते."

आता गंमत बघा. यातली दोन वाक्यं दोन वेगवेगळ्या घरांतली घ्या आणि समोरासमोर ठेवा. एक मुलगा म्हणतो, "सुपरवायझरला सांगून ठेवलंय, सोमवारी जा." समोरची मुलगी म्हणते, "आवाज कमी, शेजारी ऐकतील." झाला की संवाद! बापानं मुलाची बारावी अर्धवट सोडवून त्याला कंपनीत कंत्राटी हेल्पर म्हणून लावायचं ठरवलंय, आणि आईला भांडण भिंतीपलीकडे जायला नकोय. हे मी सुचवलेलं नाही. दोन वाक्यं शेजारी आली आणि मुलांना आपसूक दिसलं.

ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगायचं, मित्रानं लिहायचं. यात कमीपणा कसला? आपल्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोकशाहीर वामनदादा कर्डक. त्यांची अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि त्यांची गाणी आजही वस्त्यावस्त्यांत पाठ आहेत.

लिहून झालं की पुतळे. शब्द नाहीत, फक्त शरीर. "बाबा रात्रपाळी करून आलेत, ते घर दाखवा." पाच जण गोठून उभे राहतात. मग मी टाळी वाजवते आणि प्रत्येकानं एकच गोष्ट बदलायची. एकदा एका मुलानं काय बदललं असेल? बाबांच्या हातातली पिशवी त्यानं स्वतःच्या हातात घेतली. एवढंच. खोलीत कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

हे पुतळ्यांचं तंत्र ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांचं. त्यांना लष्करी राजवटीनं 1971 मध्ये अटक केली, छळ केला, मग देश सोडावा लागला. 1973 मध्ये ते पेरूमध्ये साक्षरतेच्या मोहिमेत काम करत होते. तिथल्या नाटकात प्रेक्षकांनी तोडगा सुचवायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा, अशी पद्धत होती. एका बाईनं सुचवलं, नवऱ्याशी नीट स्पष्ट बोला. नटी करून दाखवते, बाईला पटत नाही. पुन्हा करते, तरी नाही. शेवटी बोआल म्हणाले, तुम्हीच या आणि दाखवा. ती बाई रंगमंचावर चढली आणि तिनं 'स्पष्ट बोलणं' म्हणजे काय ते झाडू घेऊन दाखवलं! तिथून बोआल यांना उमगलं की प्रेक्षकाच्या वतीनं नटानं बोलू नये, प्रेक्षकानंच आत यावं. यालाच फोरम थिएटर म्हणतात.

आमच्या नाटकात आम्ही हेच केलं. प्रयोग एकदा पूर्ण दाखवायचा: मुलगी वर्गात झोपते, बाई पालकांना बोलावतात, वडील म्हणतात शाळा बंद. मग तोच प्रयोग पुन्हा सुरू, पण या वेळी कोणीही "थांबा" म्हणून कोणाचीही जागा घ्यायची. पहिली दहा मिनिटं कोणी हललं नाही. मला घाम फुटला होता. आणि मग मागून एक मावशी उठल्या. पदर खोचला, आईचं काम करणाऱ्या मुलीला बाजूला केलं आणि वडिलांसमोर उभ्या राहिल्या. वडील झालेला मुलगा जोरात होता, आवाज चढवून बोलत होता. मावशी चढल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मनी आंडेर शिकी." माझी लेक शिकणार. तो पुन्हा ओरडला. त्या पुन्हा तेच म्हणाल्या, तितक्याच हळू. तिसऱ्यांदा त्या पोराला पुढचा संवादच सुचेना.

नंतर एक काका उठले आणि म्हणाले, मला बापाचं काम द्या, तुम्ही त्याला फारच वाईट दाखवलाय. आले, आणि पंधरा मिनिटं कंपनीतल्या ब्रेकबद्दल बोलले. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा पहिल्यापासून. प्रवेश कुठल्या कुठे गेला. पण वस्तीतल्या पोरांनी आपल्या बापाच्या वयाच्या माणसाला असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

आता कोणी म्हणेल, हे बाहेरून आलेलं आहे. मला ते पटत नाही. महात्मा फुल्यांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं, शिक्षणावरचं नाटक. पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या तेव्हाच्या दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. आंबेडकरी जलसे तर आपल्या जिल्ह्यात रुजले. भीमराव कर्डकांचा जलसा तमाशाचाच साचा घेऊन माणुसकीच्या हक्काचं बोलत गावोगाव फिरला. त्याच काळातला, 1930 चा, काळाराम मंदिराचा सत्याग्रह. एकीकडे सत्याग्रह, दुसरीकडे डफ आणि सवाल-जवाब.

आणि 21 डिसेंबर 1909. नाशिकचं विजयानंद नाट्यगृह. अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या रात्री तिथे नाटक कोणतं होतं? देवलांचं 'संगीत शारदा'. कोवळ्या मुलीचं लग्न पैशांसाठी म्हाताऱ्याशी लावायला निघालेल्या समाजावरचं नाटक. मला नेहमी वाटतं, त्या रात्रीचं ते दुसरं बंडही आपण लक्षात ठेवायला हवं.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर बोहाडा, म्हणजे सोंगांचा उत्सव, होतो. रात्रभर संबळ वाजतं, गणपतीचं, रावणाचं, नरसिंहाचं सोंग नाचवतात. नाचवणारा गावातलाच, बघणारा गावातलाच. आमच्याकडे त्या भागातला, वसतिगृहात राहणारा एक मुलगा आहे. दोन महिने तो तोंड उघडत नव्हता. एके दिवशी विचारलं, सोंगाची चाल दाखवतोस का? त्यानं दोन पावलं टाकली आणि सगळी मुलं भिंतीला जाऊन टेकली. तेव्हापासून आम्हाला चालायला तोच शिकवतो.

आता काळजीची गोष्ट, आणि ही मी कळकळीनं सांगते. लिहिल्यावर माणूस लगेच हलका होतो असं नाही. 1986 मध्ये पेनेबेकर आणि बील या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनावर घाव करून गेलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. कारणं आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी गेले, हे खरं. पण लिहिल्या लिहिल्या त्यांचं मन जडच झालं होतं, हेही तितकंच खरं. म्हणून लिहून झाल्यावर मुलांना तसंच घरी पाठवू नका. अर्धा तास खेळा, गाणी म्हणा, भेळ खा. वही कोणी वाचून दाखवायची सक्ती नाही. पान फाडून खिशात घालण्याचा हक्क प्रत्येकाला. ज्याची जखम, त्यालाच त्या भूमिकेत उभं करायचं नाही. नळाच्या नाटकात त्या मुलीचं काम दुसरीच मुलगी करते. ती स्वतः काय करते? नळाचा आवाज. आणि लिहिण्यातून मारहाण किंवा अत्याचार पुढे आला, तर ते नाटकाचं काम राहत नाही. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबर पाठ ठेवा.

जागेचं विचाराल तर कालिदास कलामंदिरासारखं मोठं नाट्यगृह नंतर. आधी समाजमंदिर, शाळेची पडवी, देवळाचा ओटा. 15 ते 20 मुलं पुरेत. वेळ कंपनीच्या पाळ्या बघून ठरवा. मुली साडेसातच्या आत घरी पोचल्या पाहिजेत, नाहीतर पुढच्या रविवारी येणार नाहीत. त्यांच्या आयांना पहिल्याच आठवड्यात येऊन बसू द्या. बक्षिसं ठेवू नका. नंबर आला की वहीतली खरी वाक्यं पळून जातात.

प्रयोगानंतर पुढे काय, याचंही उदाहरण बोआल यांच्याकडेच आहे. ते मायदेशी परतल्यावर 1993 ते 1996 रिओ शहराचे नगरसेवक होते. वस्त्यांमधल्या अशाच प्रयोगांत लोकांनी सुचवलेल्या गोष्टी त्यांनी सभागृहात मांडल्या आणि त्यातून 13 कायदे झाले. आमचं अजून तिथवर गेलेलं नाही. पण चौथ्या प्रयोगाला आम्ही प्रभागातल्या लोकप्रतिनिधींना सतरंजीवर बसायला बोलावलंय, पहिल्या रांगेत, आजींच्या शेजारी. नळाचा आवाज त्यांनाही ऐकू दे.

तोपर्यंत तुमच्यासाठी काम. तुमच्या घरात रोज ऐकू येणारं एक वाक्य, जसं बोललं जातं तसंच, तुमच्या बोलीत, खाली लिहून पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातली दोन घेऊ, समोरासमोर ठेवू आणि इथेच, याच खोलीत, प्रवेश बसवू.