कांदा, कांदिवली आणि परदेशचे ग्राहक

(दृश्य: नाशिक, पहाट. फुटपाथवर पेपरचे गठ्ठे सुटताहेत.)

द्राक्षांचा निर्यातदार असो की अंबडचा कारखानदार, आपल्या नावाची बातमी कुठे छापून आली हे त्याला चहाआधी कळायला हवं असतं. ते शोधून ग्राहकाला रोज कळवणं हा एक धंदाच आहे, मीडिया मॉनिटरिंगचा. पूर्वी हे काम कात्रीवर चालायचं. बातमी कापायची, कोऱ्या कागदावर डकवायची, वर पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती, पान. आवृत्ती लिहायची राहिली की कात्रण निम्मं बाद, कारण नाशिक आवृत्तीतली बातमी पुण्याच्या आवृत्तीत असेलच असं नाही.

मग हा धंदा इंटरनेटवर आला. मेल्टवॉटर ही कंपनी २००१ मध्ये ऑस्लोत सुरू झाली आणि देशोदेशी पसरली. नॉर्वेएवढ्या बाजारपेठेत किती दिवस भागणार? पण परदेशात ऑफिस थाटणं त्यातल्या त्यात सोपं. घोडं अडतं ते परवान्यापाशी आणि भाषेपाशी.

बातमीचा मजकूर कुणाच्या तरी मालकीचा असतो. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेनं मेल्टवॉटरवर दावा लावला, तेव्हा ‘आम्ही सर्च इंजिनसारखेच’ हा बचाव न्यूयॉर्कच्या न्यायालयानं मार्च २०१३ मध्ये फेटाळला. युरोपात मात्र बातमी नुसती स्क्रीनवर वाचायला परवाना लागत नाही, असं २०१४ मध्ये ठरलं. सेवा तीच, हिशेब देशागणिक वेगळा. दर ठरवताना परवान्याचा खर्च धरला नाही, तर ग्राहक वाढतील तसा तोटाही वाढतो.

(दृश्य: स्क्रीनवर शोधाची चौकट.)

आता भाषा. चौकटीत ‘कांदा’ टाका. ‘कांद्याला’, ‘कांद्याचे’, ‘कांदे’ सगळे निसटले. म्हणून ‘कांद’ लिहून पुढे तारा (*) लावला, म्हणजे ‘यापुढे काहीही चालेल’ असं सांगितलं, तर कांदिवलीतल्या चोऱ्यामाऱ्या लासलगावच्या व्यापाऱ्याच्या अहवालात! ‘नाशकात’ सापडावं म्हणून ‘नाश’ला तारा लावावा, तर नाश्त्याच्या पाककृती येतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा: शब्दाची एकेक रूपं ‘किंवा’नं जोडायची, ‘नासिक’सकट, आणि नको ते शब्द वगळायचे. नवी भाषा घेतली की ही यादी पहिल्यापासून. इंग्रजीची यादी भाषांतर करून वापरणाऱ्यांचे अहवाल पहिल्याच आठवड्यात उघडे पडतात.

ई-पेपरची पीडीएफ जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर मजकुराऐवजी रोमन अक्षरांची खिचडी हाती येते. मग पानाचं चित्र करून अक्षरओळख चालवायची. तिथे छपाई पुसट असली की ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’. ग्राहकाच्या नावात ही अक्षरं असतील, तर चुकीची रूपंही यादीत घालावीत. शेवटची नजर माणसाचीच.

ती माणसं भारतात बसली, तर परदेशी ग्राहकाच्या सकाळची वेळही साधते. लंडनचे सकाळचे आठ म्हणजे इथले दुपारचे, हिवाळ्यात दीड, उन्हाळ्यात साडेबारा. न्यूयॉर्कचे आठ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेपाच. मार्चमध्ये मात्र सावध राहायचं. उन्हाळ्यासाठी अमेरिकेतली घड्याळं दुसऱ्या रविवारी तासभर पुढे सरकतात, ब्रिटनमधली शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्कचा अहवाल जुन्याच वेळेला निघाला, तर तो पोहोचेपर्यंत तिथे नऊ वाजलेले असतात आणि ग्राहकाची मीटिंग सुरू झालेली असते.